ओढ्यात आत्यानं धरलेले केस

परवा सुप्याजवळ ओढ्याकाठच्या नव्या बागेत गढूळ पाण्याचा वास आला आणि मी पुन्हा दहा वर्षांची झाले.

त्या दुपारी लख्ख ऊन होतं. आत्या काठावर धुणं धूत होती, मी ओढ्याच्या मधोमध घोटाभर पाण्यात शंख वेचत होते. अचानक तसाच गढूळ पाण्याचा वास आला आणि आत्यानं धावत येऊन माझे केस धरले आणि मला फरफटत काठावर नेलं. कधी आवाजही न चढवणारी आत्या!

"मी काय केलं?" मी रडत ओरडले.

"काय न्हाय केलंस. वर डोंगरात पाऊस झालाय. मागं बघ."

मी उभी होते तिथून पुरुषभर लाल पाणी अख्खी बाभळ घेऊन चाललं होतं.

आत्याला पोहता येत नव्हतं, हे मला ती गेल्यावर कळलं.