साडूभाऊंचा दम

आमच्या थोरल्या साडूंइतकी स्थळं नाकारलेला माणूस उभ्या मुळशी तालुक्यात शोधून सापडणार नाही. मुलगी त्यांना एकच, आणि तिचं लग्न पहिल्याच बघण्यात जमलं. साडूंनी नाकारली ती सगळी स्थळं संगणकातली होती. त्यांना रेकॉर्डर हवा होता. आवाज टिपणारं यंत्र नव्हे. उभी धरून, शिट्टीसारखी ओठांत घेऊन वाजवायची एक विलायती लाकडी बासरी असते, तिला रेकॉर्डर म्हणतात. खडकीच्या शाळेत एका बँडमास्तरांनी ती त्यांच्या हाती दिली आणि मग कारखान्यातली नोकरी, संसार, निवृत्ती, कासार आंबोलीत बांधलेलं छोटं घर, असा सगळा प्रवास तिने त्यांच्याबरोबर केला. मग एका थंडीत त्यांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवरून वारं गेलं. औषधांनी चेहरा बराचसा सरळ झाला, पण ओठांचा डावा कोपरा सैल राहिला तो राहिलाच. चहा पिताना ते तिथे रुमाल धरत. चहाला रुमाल चालतो, फुंकेला चालत नाही. हवा निसटायची आणि सूर खाली बसायचा.

तरुणपणी त्यांनी स्वतः एक धून रचली होती. ती पुन्हा एकदा रेकॉर्डरवर, मनासारखी ऐकायची, एवढंच त्यांना हवं होतं. मी हिंजवडीत संगणकावर पोट भरतो, भुकूमला राहतो आणि हौस म्हणून घरी थोडंफार ध्वनिमुद्रण करतो. त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. मी त्यांना समजावलं की हल्ली खरं वाद्य लागत नाही. कुठल्यातरी देशात एखादा कसलेला वादक एकेक सूर वाजवतो, ते सूर साठवून विकतात, आणि आपण पेटीसारख्या पट्ट्या दाबल्या की तो वादक आपल्या खोलीत वाजू लागतो. "म्हणजे फुंकायचं त्याने आणि बोटं माझी?" साडू म्हणाले. "जमेल. आमचा संसार असाच झाला." आतून ताईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, आवाज आला, "फुंकत कोण होतं ते पण सांगा!"

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन कासार आंबोलीला जाऊ लागलो. ताई पोहे करायच्या. "लेकीच्या वेळी एवढे पोहे नाही केले हो मी," त्या म्हणायच्या. साडू इस्त्रीचा शर्ट घालून बसत, कारण समोरचा वादक काहीही झालं तरी पाहुणा होता. आणि मग नकार सुरू होत. एकाबद्दल म्हणाले, "हा चर्चमध्ये वाजवतोय. मला कासार आंबोलीत वाजवणारा हवा." दुसऱ्याबद्दल, "हा पगारासाठी वाजवतोय, पाच वाजले की उठून जाईल." तिसरा चांगला वाजवत होता, मलाही आशा वाटली, तर म्हणाले, "याचं वाद्य कोरडं आहे. लाळ कुठंय? दहा मिनिटं फुंकलं की रेकॉर्डर आतून ओला होतो, आवाज घोगरा व्हायला लागतो. हा माणूस काय ब्लॉटिंग पेपर गिळून बसलाय?" ताई म्हणाल्या, "शी! पोहे खातोय आम्ही." परदेशातल्या एका कंपनीला तर त्यांनी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं, की आपल्या वादकाने मुद्रणापूर्वी काय खाल्लं होतं ते कृपया कळवावे. कंपनीने आपल्या अभिप्रायाबद्दल आभार मानले. साडू म्हणाले, "बघा, लपवतायत."

पण त्यांचा खरा आक्षेप दमाचा होता. ऐकायला बसले की तेही वादकाबरोबर श्वास रोखत. वादकाने घेतला की आपण घ्यायचा, असा नियम. संगणकातला वादक कुठला थांबायला! पट्टी दाबून धरली तर तो दिवाळीपर्यंत वाजवेल. एकदा साडू लाल झाले, मग जांभळे झाले, आणि ताईंनी धावत येऊन पाठीत एक धपका घातला तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. "तो घेत नाही तर मी कसा घेऊ?" म्हणाले. शेजारी शेळ्या राखणारं एक कुटुंब आहे. त्यातल्या वहिनी कुंपणावरून हे सगळं बघत असायच्या. "काय वो काका, आज बी न्हाई गावला व्हय बासरीवाला?" साडू मान हलवायचे. "लई खोडी काढताय तुमी. आमच्या गाबण शेळीवानी झालंय तुमचं, हिरवं घातलं तरी तोंड फिरवतुया." साडूंना ही उपमा इतकी आवडली की पुढे नकार देताना ते नुसतं तोंड फिरवून दाखवत.

असं वर्षभर चाललं. शेवटी ताईंनी माळ्यावरून एक कॅसेट काढली. लग्नानंतरच्या दिवसांत त्यांनीच ती भरली होती. त्यात साडू तीच धून वाजवत होते. मुळशीच्या दमट हवेत फितीला बुरशी चढलेली. "त्यांना सांगू नका, जमलं तर अचानक ऐकवू," ताई म्हणाल्या. माझ्या घरी ती फीत एकदाच वाजली, आणि शेवटच्या सुरानंतर यंत्रात गुंडाळून तिचे तुकडे झाले. पण मला चिंता नव्हती, धून संगणकात आली होती. आता साडूंचेच सूर सुटे करून त्यांचंच वाद्य बनवायचं, या कल्पनेने मी हरखून गेलो होतो. माझा स्वभाव नेटका आहे. घरात चपला एका रेषेत लागतात. मी आधी फितीची खरखर काढली, सुरांमधली फुसफुस काढली, खाली बसलेले दोन सूर वर ओढले आणि त्याच फाइलवर साठवून टाकलं. कचेरीत मी दिवसभर लोकांना मूळ प्रत जपायला सांगतो. इथे मला वाटलं, कचऱ्याची कसली प्रत ठेवायची?

त्या रविवारी साडूंनी ती साफ केलेली धून ऐकली. श्वास रोखला. लाल झाले. मग हळूच तोंड उघडून म्हणाले, "माणूस ओळखीचा वाटतो. बोटांची ढब चांगली आहे. पण छे, हाही दम घेत नाही."

"साडूभाऊ," मी म्हणालो, "हे तुम्हीच आहात." ताईंनी कॅसेटचं सांगितलं.

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "मी? मग माझा दम कुठे गेला?"

"मी काढला. खरखर समजून."

"मूळ असेल ना?"

मी नकारार्थी मान हलवली. ते उठून कुंपणापाशी गेले, शेळ्यांकडे पाठ करून उभे राहिले, आणि परत येऊन म्हणाले, "पोहे गार होतायत." मला ते रागावून बोलले असते तर बरं वाटलं असतं. त्या वयातला त्यांचा श्वास जगात एवढ्या एकाच ठिकाणी उरला होता, आणि मी तो केर काढावा तसा काढला.

पुढचे काही रविवार मी गेलो नाही. मग त्यांचाच फोन आला. "साडूभाऊ, माईक घेऊन या. स्थळ पसंत आहे." गेलो तर बाहेरचा आवाज अडवायला खिडकीला शेजारच्या वहिनींची घोंगडी टांगलेली आणि साडू इस्त्रीच्या शर्टात ताठ बसलेले. म्हणाले, "फुंक बाहेर जाताना निसटते. आत घ्यायला मला कुठे अडचण आहे? सूर तुम्ही धुतलेले वापरू. दम मी आत्ता देतो." मी त्यांच्या कानाला हेडफोन लावून धून सुरू केली, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ते माईकसमोर श्वास घेऊ लागले. बाहेरून वहिनी ओरडल्या, "काका, वाजवा की आता! शेळ्या किती येळ गप धरू?"

"वाजवत नाहीये, दम घेतोय!"

"आन् दम घ्यायला घोंगडी लागतीया व्हय?"

शेळ्यांच्या ओरडण्यासकट हे सगळं मुद्रणात आलं आहे. मधली एक लांब ओळ ते पूर्वी एका दमात वाजवत. त्या दिवशी मध्येच त्यांना श्वास घ्यावा लागला. मी पुन्हा घेऊ का म्हणून विचारलं. "नको," ते म्हणाले, "आता तिथे लागतो. तिथे सूर तोडा." मी सूर तोडला. मग आम्ही तिघांनी ती धून पहिल्यापासून ऐकली. साडू कुठेही लाल झाले नाहीत. ताई मात्र त्या लांब ओळीपाशी उठून आत गेल्या.

आता त्या धुनेच्या प्रती मी घरी, कचेरीत आणि लेकाच्या संगणकावरही ठेवल्या आहेत. कॅसेटवरचा तो तरुण माणूस कसा श्वास घ्यायचा, हे आठवायचा मी खूप प्रयत्न करतो. एकदाच ऐकलं होतं, आणि तेव्हा माझं लक्ष खरखरीकडे होतं. संध्याकाळी भुकूमच्या रस्त्यावर गाड्या खोळंबल्या की मी गाडीत ती धून लावतो. लांब ओळ जवळ आली की माझाही श्वास नकळत थांबतो. मग एक शेळी ओरडते, साडू दम घेतात, आणि त्यांच्यामागून मी घेतो.