कमलाकाकींचं कैरचं झुडूप

"काकी, हे तुमचं कैर न्हाई. ही वेडी बाभूळ हाय."

भोकरदनला कमलाकाकींच्या अंगणात मी हे सांगितलं, तेव्हा त्या रोपाला पाणीच घालत होत्या. रोप आमच्या सरकारी नर्सरीतलं. मी तिथला इन्चार्ज. काकी राजस्थानातून लग्न होऊन इकडं आलेल्या. शेवटचं माहेरी गेल्त्या तेव्हा कैरच्या बिया आणल्या, आणि जिवापाड जपत कित्येक वर्षं डब्यात ठेवल्या. त्याच मी पिशव्यांत लावल्या होत्या. कैर म्हणजे आपली नेपती. वाळवंटी झुडूप, पानं जवळपास नाहीतच, नुसत्या हिरव्या काड्या. कोवळ्या रोपाला मात्र बारीक पानं असतात, म्हणून काकीही फसल्या.

घोळ खताचा होता. आम्ही पिशवीत लेंडीखत घालतो. शेळ्या वेड्या बाभळीच्या शेंगा खातात, बी लेंडीतून शाबूत येतं आणि उगवतं. कैरचं जुनं बी मात्र उगवतच नाही.

"मंग इतके दिवस मी कुणाला पाणी घातलं, साहेब?" काकींनी पाणी घालणं थांबवलं. गुडघ्यांमुळे प्रवास बंद. मुलगा महेश म्हणायचा, "तिकडं आता कोण हाय आपलं?"

मला फार वाईट वाटलं. ऑफिसात सरांना विचारलं, "नेपती शोधायला जाऊ का?"

"आपल्या रोपांच्या टार्गेटमध्ये आहे?"

"न्हाई सर."

"मंग रविवारी जा!"

रविवारी कुंभार पिंपळगावकडच्या मुरमाड माळावर सापडली. कुंपणाला लावतात त्या शेराच्याही अशाच हिरव्या काड्या असतात, म्हणून एक मोडून पाहिली. पांढरा चीक नाही, आकडेदार काटे जोडीनं. नेपतीच! एक फुटवा मुळासकट काढला. काकींच्या अंगणातली काळी माती उपसून मुरूम भरला आणि बजावलं, "लाडानं पाणी घालू नका, मूळ सडतं."

काही उन्हाळ्यांनी लाल फुलं आली, मग फळं. काकींनी ती ताकात मुरवून लोणचं घातलं, मला जेवायला बोलावलं. पहिलं फळ तोंडात टाकलं आणि रडायलाच लागल्या.

"चव जमली न्हाई का?" मी घाबरलोच.

"बराबर जमली. आजवर कसंतरी विसरून राह्यले होते. आता मला घरी जायचंय."

"आई, गुडघ्याचं काय?" महेश म्हणाला.

"ते इथं तरी कुठं धड हायेत?"

महेश "बघू" म्हणाला. अजून बघूनच राह्यलाय.

हल्ली कुणी दूरच्या गावचं झाड मागितलं, की मी आधी विचारतो, जाणं जमतंय का? जमत असेल तर आधी जाऊन या, म्हणतो. रोप काय, नंतरही देता येतं.