उजव्या पानावरची लाल शाई

सत्तरच्या दशकात नागपुरात ज्यांचं लिहिलेलं कोणी छापत नव्हतं, अशी आम्ही काही माणसं वह्या काढायचो. वही काढायची म्हणजे काय, तर शंभरपानी वहीत आपल्याला वाटेल ते लिहायचं आणि ती ओळखीच्या घरांत वाचायला फिरवायची. एकच वही, एकच प्रत. उमरेडची वही एसटीच्या कंडक्टरच्या हाती यायची, खाप्याची बाजाराला येणाऱ्या कोणाच्या तरी पिशवीतून. वाचणाऱ्यानं शेवटच्या पानावर सही करून दोन ओळी लिहायच्या आणि वही पुढच्या घरी पोचवायची, असा रिवाज होता.

मीही वही काढत होतो. फरक इतकाच, की माझ्या वहीत माझं स्वतःचं काही नसायचं. मला आपणहून सांगण्यासारखं काही सुचत नसे. दुसऱ्यानं काही सांगितलं की मात्र मला दहा गोष्टी सुचत. म्हणून मी इतरांच्या वह्यांमधले उतारे निवडायचो, डाव्या पानावर निळ्या शाईनं उतरवून घ्यायचो आणि उजव्या पानावर लाल शाईनं माझा अभिप्राय लिहायचो. उतारा दीड पान असला तर अभिप्राय चार पानं व्हायचा. मग डावीकडची पानं कोरी राहायची आणि मी म्हणायचो, लोकांचं लिहिणं फार तोकडं पडतं. वहीला मी एक भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं. ते इथे सांगत नाही, लाज वाटते.

सरकारी कचेरीत मी आवक-जावक सांभाळायचो. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारून घरी आलो की पुन्हा दुसऱ्यांच्याच कागदांवर शेरे. बायको म्हणायची की तुमची बदली कधी झालीच नाही. मी ते मनावर घेत नसे. वही फिरून परत आली की मी आधी शेवटचं पान उघडायचो, कारण माझ्या अभिप्रायाबद्दल कोणी काय लिहिलं ते बघायचं असायचं. खाप्याच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी एकदा लिहिलं होतं, ‘डावीकडचा मजकूर फार आवडला.’ ‘उजवीकडचा सवडीने वाचीन’ असंही पुढे होतं. ती सवड त्यांना कधी मिळाली नाही.

वहीचे पुठ्ठेही मी घरीच करायचो. जुने कागद खळ लावून एकावर एक चिकटवायचे, दहा-बारा थर झाले की पाट्याखाली दाबून ठेवायचे. दोन दिवसांत दगडासारखा पुठ्ठा तयार. ते दोन दिवस घरात चटणी वाटली जात नसे. कागद म्हणजे माझ्या अभिप्रायांचे कच्चे खर्डे आणि लोकांनी पाठवलेली पानं. मोठ्या मासिकांसारखा मीही नियम केला होता, की मजकूर परत मिळणार नाही. नियम असूनही मासिकांकडून मला माझे अभिप्राय परत आले होते, तेव्हा आपणही निदान एका बाबतीत त्यांच्यापेक्षा कडक असावं असं मला वाटायचं.

उमरेडच्या एक मास्तरीणबाई या वह्यांच्या चक्रात होत्या. वडील हातमागावर विणायचे, बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि शाळा सुटली की मागाच्या पाठीमागे बसून लिहायच्या. त्यांनी मला सात-आठ पानं पाठवली. शाळेच्या वहीतली फाडलेली, आणि तीही शिसपेन्सिलीनं लिहिलेली. पेन्सिलीनं लिहून साहित्य पाठवणं मला उद्धटपणाचं वाटलं होतं. विषय असा की त्यांचे बाबा विणताना मागाशी मोठमोठ्यानं बोलतात. त्याला शिव्या देतात, त्याला गावातल्या लग्नांच्या बातम्या सांगतात, ऊन किती तापलं ते सांगतात. बाईंनी महिनोन्महिने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. एका ठिकाणी म्हातारा मागाला म्हणतो, ‘मी म्हातारा थकलो नाही, अन् तू काहून कुरकुर करून राहिला गा? तुले का लग्नाले जायचं हाये?’

हे वाचताना मी एकटाच मोठ्यानं हसलो होतो. हसलो ते मात्र कुठे लिहिलं नाही. उलट मनात आलं, बाईंकडे कच्चा माल चांगला आहे, घडवायला कोणीतरी जाणकार हवा. जाणकार कोण, हा प्रश्नच नव्हता.

मी सात-आठ पानांची दोन पानं केली. शिव्या काढल्या. लग्नाच्या बातम्या विषयाला सोडून वाटल्या, त्याही काढल्या. आमच्याच घरात जी बोली बोलली जायची ती लिहिण्यात आली की मला ओशाळल्यासारखं व्हायचं, तेव्हा तिला जागाच ठेवली नाही. उरलेल्या मजकुराची सुरुवात मी अशी केली: ‘वृद्ध विणकर आपल्या मागाशी मूक संवाद साधत असे.’ दिवसभर गल्लीला ऐकू जाईल असा ओरडणारा माणूस मी एका शब्दात गप्प करून टाकला. शेवट मला जरा उघडा वाटला, म्हणून पदरचं एक वाक्य घातलं: ‘सूत तुटते, नाते तुटत नाही.’

इथवर एक वेळ ठीक होतं. पुढे उजव्या पानावर मी लाल शाईनं लिहिलं, की संपूर्ण लेखनात शेवटचं वाक्य अप्रतिम असून तिथे लेखिकेला जीवनाचा ठाव लागला आहे. हे लिहिताना मला काहीही वावगं वाटलं नाही, हे आज सांगूनही कोणाला पटणार नाही. मी खरोखर भारावलो होतो.

ती वही इतकी गाजली की विचारू नका. सगळ्यांनी त्या वाक्याची तारीफ केली. पोस्टमास्तरांनी ते भाचीच्या लग्नपत्रिकेवर छापलं. शेवटच्या पानावर एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत मास्तरीणबाईंची ओळ होती: ‘शेवटचं वाक्य माझं नाही.’ पुढच्या वहीत मी ‘लेखिकेचा विनय’ या मथळ्याखाली अडीच पानं लिहिली.

त्यानंतर बाईंची वही येणं थांबलं. मला वाटलं, माझ्या स्तुतीनं त्यांच्यावर दडपण आलं असणार.

वर्षभरानं एका रविवारी सकाळी त्या स्वतःच आमच्या दारात उभ्या राहिल्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हातात कापडी पिशवी, डोळे जागरणाचे. बाबांना लकवा मारला होता. इथे नागपुरात, धंतोलीतल्या एका दवाखान्यात आणलं होतं. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्याशी बोलत राहा, रोजच्या ओळखीचं काही कानावर पडू द्या, कदाचित बोलणं परत येईल. बाई बोलत राहिल्या, पण बाप असा समोर पडलेला असताना त्यांना बोलायला सुचेना. मग त्यांना आपली पानं आठवली. नक्कल त्यांनी ठेवली नव्हती. त्यांच्या एका नातेवाइकांनी माझी ती गाजलेली वही पुन्हा वाचायला नेलेली होती, ती मागून आणून त्यांनी आदल्या दिवशी बाबांना वाचून दाखवली होती.

मी विचारलं, मग.

“त्यांनी तोंड भिंतीकडे केलं भाऊ,” बाई म्हणाल्या. “माही पानं द्या ना. बाबा त्यात हायेत.”

मी म्हणालो, शोधतो, कपाटात असतील, संध्याकाळपर्यंत आणून देतो. बाई चहा न घेताच गेल्या. कपाटात काहीही नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, तरी ती बोललीच.

“त्या बाईचा बाप तुमी पुठ्ठ्यात घातला.”

त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली. मूक हा शब्द सारखा डोळ्यांपुढे येत होता. मी लिहिल्यामुळे कोणाला लकवा मारत नाही, एवढी अक्कल मला होती. तरी मी वह्यांचं कपाट उघडून जमिनीवर बसलो.

कोणत्या वहीचा पुठ्ठा, हे आठवायला तासभर गेला. अखेर अंदाजानं तीन वह्या काढल्या, पुठ्ठे ओरबाडून वेगळे केले आणि न्हाणीत घंगाळभर कोमट पाण्यात भिजत घातले. जे पाट्याखाली दाबायला मी दोन दोन दिवस घ्यायचो, ते आता सुटायची मी पाटावर बसून वाट बघत होतो. बायको मदतीला आली. ओल्या कागदाला नखानं कसं सोडवायचं ते तिला पापड लाटून लाटून माहीत असावं, कारण माझ्या हातून थर फाटत होते आणि तिच्या हातून सुटत होते.

वरचे थर माझे. माझे खर्डे, माझे अभिप्राय, एका अभिप्रायाचे तीन तीन नमुने. पाण्यात पडताच शाई सुटली आणि घंगाळात आधी निळं, मग लाल, मग जांभळं पाणी झालं. एकेक पान साफ कोरं होऊन वर येत होतं. बायकोनं ते पाणी दोनदा मोरीत ओतलं. तिसऱ्या पुठ्ठ्याच्या पोटात शाळेच्या वहीची पानं सापडली. पेन्सिलीचं अक्षर पाण्यानं हललं नव्हतं. दोन पानं पार फाटली, एकाचा अर्धा भाग खळीबरोबर निघून आला, पण पाच पानं वाचता येत होती. ती आम्ही न्हाणीवरच्या दोरीवर वाळत घातली आणि अर्धवट ओली असतानाच मी निघालो.

धंतोलीतल्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात गावोगावची माणसं गाठोडी टेकून बसली होती. आतल्या खाटेवर म्हातारा उताणा होता, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे छताकडे. बाईंनी पानं हातात घेतली. पानांना खळीचा वास येत होता. हे असं कसं झालं, असं त्यांनी विचारलं नाही. मी मात्र पाठ करून आणलेलं सगळं बोलून टाकलं. मी तुमची पानं पुठ्ठ्यात घातली, तुमचं लिहिणं कापलं, ते वाक्य मीच घातलं आणि मीच त्याची तारीफ केली. बाई म्हणाल्या, माहीत आहे. तेवढंच म्हणाल्या आणि वाचायला लागल्या.

दोन ओळींत त्यांचा आवाज बसला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बसला. शेवटी त्यांनी पानं माझ्यापुढे केली.

“तुमीच वाचा भाऊ. माह्यानं होत नाही.”

मी स्टुलावर बसलो. साहित्य मंडळांच्या सभांतून मी पुष्कळ वाचलं होतं, खर्जातला आवाज लावून. तो आवाज आता लागेना. जी बोली लिहिण्यातून मी खरडून काढत आलो होतो, ती चारचौघांत मोठ्यानं वाचायची होती, तेही ज्याची होती त्याच्यासमोर. शेजारच्या खाटांवरची माणसंही वळून बघत होती. लाजेपोटी मी गाडी पकडायची असल्यासारखा सुटलो. शिव्या वाचल्या, ऊन वाचलं, कोणाच्या पोराचं कोणत्या गावच्या पोरीशी जमलं ते वाचलं. ‘तू काहून कुरकुर करून राहिला गा’ हे एका दमात वाचून मी पान उलटलं.

खाटेवरून काहीतरी आवाज आला. घशातल्या घशात, घासल्यासारखा. बाई उठून उभ्या राहिल्या. म्हातारा छताकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. ओठाची एक बाजू हलत होती, दुसरी हलत नव्हती, आणि कपाळावर आठी होती. रागावलाच होता. परत आवाज आला, आणि या वेळी तो आम्हा दोघांनाही कळला.

“हळू,” तो म्हणाला. मग ओठाची तीच बाजू पुन्हा हलली. “हळू वाच गा.”

बाईंनी पदर तोंडाशी धरला. मी उलटलेलं पान मागे घेतलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागलो, हळू.