अबोलीची सर्व्हिस आणि माझा गूळ

नवस बोलताना शब्द जपून वापरावेत, असं माझी आई सांगायची. देव शब्द धरतो म्हणायची. मी एकदा हॉस्पिटलच्या पायरीवर उभी राहून बोलले होते, "बाप्पा, आमची अबोली पुन्हा उभी राहू दे आणि एक सामना जिंकू दे. तिची गुळाची तुला करीन." त्या एका वाक्यापायी पुढे जे काय झालं, ते सांगायला बसले की संध्याकाळची दिवेलागण टळून जाते.

अबोली म्हणजे पनवेलला आमच्या शेजारच्या दारातली मुलगी. टेनिस खेळायची, आणि हौस म्हणून नव्हे, तोच तिचा व्यवसाय. पाठीला रॅकेटची बॅग लावून देशोदेशी फिरायची. पेपरात क्रीडा पानाच्या अगदी तळाला कधीतरी दोन ओळींत तिचं नाव यायचं. आमचे हे तेवढाच तुकडा कापून फ्रिजवर लावायचे.

देवघरात निर्माल्य साठतं ना, तसे या मुलीचे किस्से आमच्याकडे साठलेत. टाकवत नाहीत, आणि ठेवायला जागा पुरत नाही. म्हणून म्हटलं, थोडे वाटून टाकावेत.

* * *

अबोली हे नाव ठेवलं तेव्हा तिच्या आईला, सुलभाला, पुढची कल्पना नसणार. ही मुलगी गप्प असायची ती फक्त चेंडू हवेत असताना.

एकदा कामोठ्याहून तिला बघायला मंडळी आली. चांगली माणसं. पोहे झाले, सुलभाने मला मदतीला बोलावलं होतं म्हणून मी चहा गाळत होते. मुलाच्या आईने विचारलं, "मुलगी सर्व्हिसला आहे ना?"

सुलभा तोंड उघडायच्या आत अबोली म्हणाली, "हो, माझी सर्व्हिस चांगली आहे."

"परमनंट आहे का?"

"परमनंट नाही हो. पण एक चुकली तर लगेच दुसरी मिळते."

"अरे वा. आणि दुसरीही गेली तर?"

"मग पॉइंट समोरच्याला."

त्या बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने छताकडे बघितलं. मुलगा तेवढा टेनिस बघणारा निघाला, त्याला पोह्यांचा ठसका लागला तो थांबेना.

स्थळ काही जमलं नाही. रात्री सुलभा चिडलेली होती, तर ही तिच्या गळ्यात पडून म्हणते, "आई, आमच्या खेळात लव्ह म्हणजे शून्य. सुरुवात तिथूनच होते गं." गंमत म्हणजे त्या कामोठ्याच्या बाई मला अजून भाजी मंडईत भेटतात, आणि पहिला प्रश्न असतो, "ती सर्व्हिसवाली कशी आहे?"

* * *

त्याच वर्षी परदेशात खेळताना तिचा डावा गुडघा फिरला. घरी आली ती कुबड्या घेऊन. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "ऑपरेशननंतर चालेल, जिने चढेल. खेळण्याचं मी आज काही सांगू शकत नाही."

सुलभा बाहेर येऊन माझ्याशी हळू आवाजात बोलत होती, रडत होती. आतून आवाज आला, "आई, गुडघा गेलाय. कान शाबूत आहेत."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्सने चादर बाजूला केली, तर हिने उजव्या गुडघ्यावर बॉलपेनने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेलं, "हा नाही." आणि डाव्यावर, "हा. सांभाळून, पोट यावरच आहे."

नर्स हसली, डॉक्टर हसले. मी मात्र ते दुसरं वाक्य वाचलं आणि बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिले. तो नवस तेव्हा बोलले.

* * *

नवसाची गोष्ट तिला कळली ती शुद्धीवर आल्यावर. पहिलं वाक्य काय, तर, "काकू, बोलायच्या आधी माझं वजन तरी विचारायचंस."

पुढे कितीतरी महिने ती घरीच होती. व्यायाम, शेक, पुन्हा व्यायाम. मी चतुर्थीला मोदक घेऊन गेले की दोन खायची, तिसऱ्याला हात आवरायची. "नको काकू. हा मला चढणार नाही, तुझ्या पारड्यात चढेल."

आमचे हे म्हणायचे, "खा गं तू. गूळ मी आणीन."

"काका, तुम्ही आणाल हो, पण पारड्यात बसल्यावर लोक माझ्याकडे बघतील, गुळाकडे नाही."

हसत असायची. पण दुपारी ती एकटी गॅलरीत रॅकेट मांडीवर घेऊन बसलेली दिसायची. तारांवर बोटं फिरवत. मी हाक मारत नसे. आत येऊन एक जप जास्त करत असे.

* * *

त्या दिवसांत तिची करमणूक म्हणजे पारूबाई. गव्हाणहून मासळी घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये यायची. पाटी उतरवली की आधी अबोलीजवळ बसायची.

"काय गो पोरी, कवा जाशील खेलाला?"

"पाय सांगेल तेव्हा, मावशी."

"मना येकदा नीट सांग. त्या खेलात करायचा काय असतंय?"

अबोलीने सांगितलं. मधे जाळं, अलीकडे मी, पलीकडे दुसरी, चेंडू जाळ्यावरून मारायचा.

"आन जाल्यात गेला तं?"

"तर पॉइंट गेला."

पारूबाईने कमरेवर हात ठेवला. "आमच्या जाल्यात नाय गेला तं आमी उपाशी. तुज्या जाल्यात गेला तं तू उपाशी. पोरी, तुजा धंदा उलटा हाय."

अबोली एवढी हसली की कुबडी घरंगळत जिन्यात गेली. दुसऱ्या दिवशी बघते तर रॅकेटच्या बॅगेवर मार्करने लिहिलेलं, "धंदा उलटा हाय." ती बॅग नंतर कुठेकुठे फिरली. परदेशी मुली अर्थ विचारायच्या, तर ही गंभीर चेहरा करून सांगायची, आमच्याकडचा प्राचीन मंत्र आहे.

* * *

मिस्ड कॉलचंही एक होतं. तेव्हा बाहेरगावाहून फोन महाग पडायचा. तिने मला शिकवून ठेवलं होतं, "एक रिंग म्हणजे जिंकले. दोनदा वाजला म्हणजे हरले. उचलायचा नाही."

बरी होऊन ती पुण्याला पहिली स्पर्धा खेळायला गेली. आधी पात्रता फेरी असते, त्यातून मुख्य स्पर्धेत जायचं. फोन वाजला. मी देवासमोर होते, हात जोडलेलेच, पण राहवतंय कुठे? उचलला.

"काकू, मिस्ड कॉल उचलायचा नसतो."

"अगं, जिंकलीस की हरलीस?"

"हरले. आणि आत गेले."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं, मुख्य स्पर्धेतल्या एका मुलीने ऐन वेळी नाव मागे घेतलं, तर हरलेल्यांतून हिला बोलावलं. त्याला म्हणे लकी लूझर म्हणतात.

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "हरून आत? मला वाटलं हे फक्त राजकारणात होतं."

* * *

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं, सुलभा, हे आणि मी, पुण्याला. सामना कोर्टवर बघायची माझी पहिलीच वेळ. पायरीवर बसले, पदरात अंगारा. अबोली सर्व्हिसला उभी राहिली, चेंडू टप टप आपटला, आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "गणपती बाप्पा..."

उंच खुर्चीवरचे अंपायर माइकमधून म्हणाले, "क्वाएट प्लीज."

सगळं स्टेडियम चिडीचूप. पण तुम्हाला माहीतच आहे, अर्ध्यावर सोडलेलं "गणपती बाप्पा" कसं असतं. आजूबाजूचे सगळे तोंड दाबून बसलेले. ह्यांचा चेहरा लालबुंद. कोणाला धड श्वास घेता येईना.

अबोलीने रॅकेट खाली केली. अंपायरकडे वळून हात जोडले आणि स्वतःच म्हणाली, "मोरया." मग सर्व्हिस केली.

अंपायर मराठी असावेत. त्यांनी माइकवर हात ठेवला होता, पण खांदे हलत होते.

सामना मात्र सोपा नव्हता. समोरची मुलगी कुठल्यातरी लांबच्या देशातली, उंच, शांत. अबोली मागे पडत गेली. शेवटी एका चेंडूसाठी ती मुलगी आडवी धावली आणि जी बसली ती उठलीच नाही. गुडघा धरून बसली. आवाज नाही, नुसते डोळे भरून वाहत होते.

अंपायरने अबोलीला विजयी घोषित केलं. ती मात्र जाळ्याला वळसा घालून पलीकडे गेली होती. जमिनीवर बसून तिच्याशी काहीतरी बोलली, मग अंपायरकडून पेन मागून घेतलं आणि तिच्या धडधाकट गुडघ्यावर काहीतरी लिहिलं. ती मुलगी रडता रडता हसायला लागली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "जिंकलीस ना गं? मग गूळ सांगू?"

"हे जिंकणं नाही काकू. ती पडली म्हणून मी उभी दिसले." मग म्हणाली, "तिच्यासाठी बोल ना एक. नवसाला व्हिसा लागत नाही ना?"

पनवेलला उतरल्यावर घरी न जाता आधी देवळात गेले. हात जोडले आणि त्या मुलीचं नाव काही आठवेना. भलतंच लांबलचक होतं. मग म्हटलं, "देवा, ती जाळ्याच्या पलीकडची. तीही उभी राहू दे, एक सामना जिंकू दे. तिचीही तुला करीन."

* * *

मधे बराच काळ गेला. अबोली खेळत होती, आणि माझा फोन दोनदाच वाजत होता. जाते, पहिल्याच फेरीत हरते, परत येते. सुलभाने आडून आडून नोकरीचा विषय काढायला सुरुवात केली. अबोलीही एकदा मला म्हणाली, "काकू, ही शेवटची स्पर्धा. नाहीतर खरंच कुठेतरी सर्व्हिस बघते." यावेळी ती हसली नाही.

त्या स्पर्धेच्या वेळी एका दुपारी फोन वाजला आणि बंद झाला. पुन्हा वाजला, बंद झाला. मी उचलला नाही. पदराने डोळे पुसले. तिसऱ्यांदा वाजला तो थांबेचना.

"काकू, आता उचलायचा असतो."

"हरलीस ना? असू दे बाळा."

"हरले. पण कोणाशी ते विचार."

"कोणाशी?"

"जाळ्याच्या पलीकडचीशी. तुझा नवस पावला काकू. दोन सेटमध्ये धुतलं तिने मला. बाप्पाला सांग, एवढं मनापासून पावायची गरज नव्हती."

मी देवासमोरच बसले होते. मग डोक्यात आलं. "अगं, म्हणजे पुन्हा पहिल्याच फेरीत...?"

"पहिली काल जिंकले की. पूर्ण सामना, कोणी न पडता. एक रिंग दिली होती, तुझा फोन बंद होता."

काल संकष्टी होती. मी देवळात होते.

* * *

तुलेला पारूबाईसुद्धा आली होती, चांगलं लुगडं नेसून. गुरुजींनी मोठा तराजू फुलांनी सजवला होता. अबोली एका पारड्यात मांडी घालून बसली. दुसऱ्यात ह्यांनी एकेक ढेप ठेवायला सुरुवात केली. पारडी समान झाली, आरती झाली, गूळ जवळच्या वाडीवरच्या आश्रमशाळेसाठी पोत्यात भरला.

अबोली उतरली, देवाला नमस्कार केला, आणि पुन्हा जाऊन पारड्यात बसली.

"ती पलीकडची माझ्याएवढीच आहे," तिने माझ्या कानात सांगितलं. "थोडी कमीच. पण बाप्पाला जास्त गेलं तर तक्रार नसावी."

ह्यांनी जादा आणलेल्या गुळातली पहिली ढेप उचलली. गुरुजी गोंधळले. "अहो, या मुलीची झाली ना आत्ता? ही परत का बसली?"

अबोली पारड्यातून म्हणाली, "गुरुजी, ती पहिली. ही सेकंड सर्व्हिस."

तर एवढंच सांगायचं होतं. तुम्हीही कधी आपल्या माणसासाठी देवापुढे हात जोडाल, तेव्हा उठायच्या आधी एक नवस जाळ्याच्या पलीकडच्यासाठी बोला. नाव येत नसलं तरी चालतं.