मी पाटील नाही!

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहाचे कप खाली ठेवा. गेल्या उन्हाळ्यात मी जो घोळ घातला, तो ऐकताना आमच्या हिच्या हातून बशी निसटली होती!

आपल्या पनवेलचं ऊन एकवेळ सोसेल हो, पण तो खाडीकडून येणारा दमटपणा? आंघोळ करून टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत माणूस पुन्हा चिंब! म्हणून आमच्या मंडळाने ठरवलं, की एकट्या राहणाऱ्या वयस्कर मंडळींकडे रोज दुपारी कोणीतरी जायचं. ताक द्यायचं, पंखा चालतोय का बघायचं, दोन शब्द बोलायचे. मी पीटीचा निवृत्त मास्तर. अडुसष्ट पूर्ण, पण छाती अजून पुढे. पहिला हात माझाच वर!

मंडळाच्या सेक्रेटरी प्रज्ञाताई म्हणाल्या, "सर, मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर पाटील राहतात. ऐंशीच्या पुढे आहेत. 'मला काही झालेलं नाही' म्हणून सगळ्यांना परत पाठवतात. तुम्ही ऐकू नका. आणि उन्हाने माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर आधी आडवं करा, डोक्यावर ओलं फडकं ठेवा आणि मला फोन करा."

आता मला सांगा, यात बाई की पुरुष, काही कळतंय का?

गेलो. दार नुसतं लोटलेलं. आत लाइट गेलेली आणि खुर्चीत एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ रुमालाने घाम पुसत बसलेले.

"नमस्कार, पाटील!" मी म्हणालो.

ते ताडकन उठले. "या या, पाटीलसाहेब! तुमचीच राह बघतोय. एवढ्या उन्हात कुठे गेला होतात?"

झालं! स्वतःच्याच घरात पाहुणा झाला होता हा माणूस. ऊन डोक्यात गेलं होतं, दुसरं काय?

"पाटील तुम्ही आहात," मी पहिलीतल्या पोराला समजवावं तसं म्हणालो.

"नाही हो, तुम्ही आहात," तेही तेवढ्याच मायेने.

"अहो, मी पाटील नाही!"

"हां हां, नाही. तुम्ही बसा तर आधी. सरबत प्या."

म्हटलं, वाद नको. त्यांचं मन राखायला मी सरबत प्यालो. माझं मन राखायला ते ताक प्याले. मी त्यांच्या डोक्यावर ओला नॅपकिन ठेवला, तर त्यांनी स्वतःचा रुमाल भिजवून माझ्या टकलावर थापला!

"जरा आडवे व्हा," मी म्हणालो.

"तुम्ही झालात तर मी होतो."

आता काय करणार? दोघंही फरशीवर शेजारीशेजारी उताणे! तशाच अवस्थेत मी हळूच फोन लावला. "प्रज्ञाताई, प्रकरण गंभीर आहे. पाटील मलाच पाटील म्हणतायत. घामाने दाढीसुद्धा भिजलीय हो बिचाऱ्यांची!"

पलीकडून एकदम किंकाळी. "दाढी? सर, पाटील म्हणजे हिराबाई! आजी आहेत त्या!"

मी मान वळवली. शेजारचा माणूसही फोनवर कुजबुजत होता, "पाटील मिळाले, पण दिमागात गर्मी चढलीय..."

ते निघाले इस्माईलभाई. त्यांच्या मोहल्ल्याच्या कमिटीनेही तेच काम सुरू केलं होतं आणि त्यांनाही नुसतं 'पाटील'च सांगितलं होतं!

आधी दोघंही खो खो हसलो. आणि मग हसू एकदम थांबलं. ऐंशी उलटलेली बाई, बाहेर आग ओकणारं ऊन आणि घर रिकामं. मग आजी कुठे?

जिना कसा उतरलो, देव जाणे. रिक्षा स्टँडवर विचारलं, दवाखान्यात डोकावलो, रसवंतीच्या बाकड्यांवर पाहिलं. अंगातून घामाच्या धारा, पण थांबायची हिंमत होईना. शेवटी एक फूलवाली म्हणाली, "हिराबाय ना? ती काय, बँकेत बसलेय."

बँकेत शिरलो. ए.सी.च्या बरोबर खाली, हातात टोकन घेऊन, लुगडं सावरून आजी ऐसपैस बसलेल्या!

"आजी, तुम्ही इथे?"

"रोज येतंय. हितं गार हाय. टोकन घेतलं का कोन उठवत नाय." मग त्यांनी आम्हाला खालून वर न्याहाळलं. "तुमी कोन? आनि डोक्यावर फडकी कसली? ऊन लागला काय?"

होती ना दोघांच्याही डोक्यावर तशीच! सगळी बँक बघत होती.

तोवर मला खरंच गरगरायला लागलं होतं. आजींनी मला आपल्या जागेवर बसवलं, वॉचमनला पाणी आणायला पिटाळलं आणि पदराने वारा घालत राहिल्या. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आता उन्हाळ्यात आम्ही दोघंही आजींच्या घरी न जाता थेट बँकेतच जातो. मी ताक नेतो, इस्माईलभाई सरबत. आजी करंजा बंदरावरच्या सुक्या मासळीच्या गोष्टी सांगतात. छान जाते दुपार.

परवा मी प्रज्ञाताईंना ऐटीत म्हटलं, "बघा, आजींची काळजी किती चोख घेतो मी!"

"माहीत आहे सर," त्या म्हणाल्या. "आजींचा रोज फोन येतो ना मला. 'तुमचा मास्तर आला, पानी प्याला, बरा हाय. घोर करू नको.'"