सांगायची गोष्ट तिची होती

सौंदडला दिलेली माझी धाकटी बहीण दिवाळीनंतर एका दुपारी फोनवर फार हळू बोलत होती. तिच्या छातीत गाठ लागत होती. गुरुवारी नागपूरला तपासायला जायचं, मी सोबत यायचं, एवढंच तिचं मागणं.

"ह्यायले आताच सांगू नको, बाई," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "सासू याच रोगानं गेली. काय निघते ते पाहू, मग मीच सांगीन."

मी घरातही कुणाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात तिचा नवरा, आमचे जावई, काही कामानं गोंदियात माझ्या घरी आले. मंडईच्या जत्रेचे फोटो बघायला मीच त्यांच्या हातात माझा फोन दिला आणि चहा ठेवायला आत गेले. परत आले तर त्यांचा अंगठा थांबलेला. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. वर एक पट्टी आली होती: 'गुरुवारी बहिणीसोबत नागपूर. छातीतील गाठीची तपासणी.'

मी असं काही लिहिलंच नव्हतं. फोन अपडेट झाला तेव्हा काहीबाही विचारत होता, मी 'ठीक आहे' दाबत गेले होते. तेव्हापासून तो माझे कॉल रेकॉर्ड करून कुठल्या तरी लांबच्या कॉम्प्युटरकडे पाठवत होता आणि त्यातून कामं काढून मला आठवण देत होता.

"कोणाची गाठ, बाई?"

मी चहाचा कप पुढे केला. जावयांनी तो घेतला नाही. गाडीला किक मारली आणि गेले.

बहिणीला आधी कळवावं म्हणून फोन उचलला आणि तसाच हातात धरून राहिले. याच्यावर बोलू कशी? शेजारणीच्या फोनवरून लावला, तर ती उचलेना. संध्याकाळभर मी आतबाहेर करत होते. भाजी करपली.

गुरुवारी आम्ही तिघंही नागपूरला गेलो. जावई दवाखान्याच्या बाकावर पाय हलवत बसून होते. पुढं रिपोर्ट आणायलाही आम्ही तिघं गेलो. तो चांगला आला. गाठ साधी होती. जावयांचा जीव भांड्यात पडला.

"बरं झालं फोननं सांगितलं," ते म्हणाले. "नाईतर ही एकटीच सोसत राहिली असती."

बहिणीनं रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवला. ते बाहेर गेल्यावर मला म्हणाली, "त्या दिवशी ह्यायनं खळ्यावर येऊन विचारलं मले. धान चुरण्याले आलेल्या बायांसमोर. आता त्या बाया येताजाता माझ्या छातीकडे पाहून राहिल्या. मी सांगणारच होती, बाई. माह्या तोंडानं."



गोंदियात परतल्यावर मोबाइलच्या दुकानात जाऊन ते सगळं बंद करून घेतलं. दुकानदार म्हणाला, "बंद तो कर दिया, दीदी. पर जो ऊपर जा चुका, वो मिटा कि नहीं, मैं कैसे बताऊँ?"

नवऱ्याशी झालेली भांडणं, आईच्या औषधांची चौकशी, मुलीच्या स्थळाबद्दल बोललेलं. यातलं काय काय गेलं, ते मी अजूनही आठवत बसते. भाजी निवडताना मध्येच उठून सेटिंग उघडून बघते, बंद आहे ना.

परवा बहीण आली होती. काहीतरी सांगायला लागली आणि मध्येच थांबली.

"फोन कुठी आहे तुहा?"

मी तिच्यासमोर तो बंद करून आतल्या खोलीत ठेवून आले. तिनं एकदा दाराकडे पाहिलं. मग आधीचं सोडून धानाचं काय चाललंय, ते सांगायला लागली.