झोपेतला अंगठा

गिऱ्हाइकाने न विचारता पापलेटाच्या कल्ल्याला बोट लावलं की माझ्या शेजारणीची चापट बसलीच. "आदी इचार, मंग हात लाव." मांडव्याला बोटीतून उतरलेले बंगलेवाले साहेबसुद्धा हात चोळत हसायचे.

आमच्या बोंबील वाळवायच्या दोऱ्या शेजारीशेजारी. घरंही. मला मावशी म्हणायची. तुम्ही तिला पाहिली असती तर म्हणाला असता, हिला कोण हात लावील?

नवरा लावायचा. नुसता हात नाही, वल्ह्याचा दांडा. बाजारातून तिने वाट जरा वाकडी केली, तर त्याला घरबसल्या कळायचं. "याला सांगतो कोन, मावशी?" असं म्हणून ती माझ्याकडेही संशयाने बघायची.

आम्ही बायका फोन प्लास्टिकात गुंडाळून रिकाम्या पेटीत टाकतो, कमरेला भिजतो म्हणून. एकदा घाईत तिच्या त्याच पेटीत बर्फ आणि मासळी भरली गेली, आणि पेटी टेंपोतून पनवेलच्या एका लॉजच्या स्वयंपाकघरात पोचली. ती बिचारी दिवसभर माझ्या शेजारी बोंबील टांगत होती. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं, तर तो दाराआड उभा.

"लॉजमंदी कोन व्हता?"

मी धावत पोचेपर्यंत तिचे दोन दात जमिनीवर होते. पुढचा दांडा माझ्या खांद्यावर बसला.

फोन परत आला तेव्हा मोबाईलच्या दुकानातल्या मुलीने तो उघडून बघितला. "काकू, तुम्ही कुठे असता ते दुसऱ्या फोनवर दिसतंय. असं दाखवण्याआधी फोन विचारतो, चालेल का म्हणून. तसा नियमच आहे. इथे होकार दिलेला आहे, आणि फोन तर तुमच्या अंगठ्याशिवाय उघडत नाही."

"मी तवा निजलेली असन," ती सुजलेल्या ओठांतून म्हणाली.

चौकीवर हवालदार म्हणाला, "फोन तुमचा, होकार तुमचा. घरात मिटवा."

दुसऱ्या सकाळी तिने फोन आमच्या दोऱ्यांजवळच्या दगडावर ठेवला आणि मासळीच्या कोयतीने ठेचला. काच उडून माझ्या गालात घुसली. नवरा धावत आला. तिने कोयती खाली ठेवली नाही.

"फुडं आलास तर मनगटापासून तोडीन."

आम्ही सगळ्या आपापल्या कोयत्या घेऊन उठलो. तो मागे सरला. ती त्याच पावली घर सोडून गेली.

त्याच्या फोनात ती अजून इथेच दिसते, आमच्या दोऱ्यांपाशी. दारू चढली की येतो, बोंबील तुडवतो, माझा गळा धरतो. "सांग थेरडे, कुठं हाय ती?"

ती गेली ते गाव आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हणते, "न्हाय ठाव." तो गेला की गळ्याला हळद लावते आणि कामाला बसते.